मदत हवी आहे: चिऱ्याच्या जुन्या भिंतीला चुन्याचा गिलावा

नमस्कार मंडळी. राजापूरजवळचं आमचं जुनं कौलारू घर मी आणि भाऊ जमेल तसं स्वतःच दुरुस्त करतोय. छपराचं काम उरकलं. वाळवीने खाल्लेले वासे काढले, रिपा नव्या ठोकल्या, धड मंगलोरी कौलं घासून परत चढवली. (कुणी करणार असाल तर कौलं उतरवताना छाप बघून वेगवेगळी रचा. दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत.)

घोडं अडलंय ते भिंतीपाशी. भिंती जांभ्याच्या (म्हणजे तांबड्या चिऱ्याच्या), जोड मातीचा, आणि मागे कधीतरी आतून सिमेंटचा गिलावा मारलेला. जांभा सच्छिद्र, जमिनीतली ओल वर ओढतो. सिमेंट ती सुकू देत नाही. जोत्यापासून कंबरेपर्यंत पोपडे सुटलेत. नखाने खरवडलं की पांढरी खारट भुकटी हातात येते आणि मागचा चिरा मे महिन्यातही गार, ओलसर! गवंडी म्हणतो वॉटरप्रूफिंगचा हात मारून टाका. मला नाही पटत, ओल आणखी वर चढेल.

म्हणून सिमेंट खरवडून चुना लावायचा विचार आहे. एकास तीन वाळू हे प्रमाण जांभ्याला चालतं का? कळीचा चुना (न विरवलेले चुन्याचे खडे) किती दिवस भिजत ठेवता? खाडीची वाळू खारट, मग चाळलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालेल का? आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात चुन्याचं काम येणारा कुणी जुना गवंडी माहीत असेल तर कृपया कळवा. हाताखाली राबायला आम्ही दोघं आहोतच. पावसाआधी निदान पडवीकडची भिंत व्हायला हवी.