वस्तऱ्यावरचा ठसा: चांदणी, क्रॉस आणि "…जर्स अँड सन्स"

दादरकर:
मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर घेतलेला वस्तरा. मूठ काळ्या शिंगाची, एका बाजूने किड्याने खाल्लेली. धार आणि खिळा यांच्यामधल्या जाड भागावर ठसा आहे. वरची ओळ गंजलीय, इंग्रजीत शेवटची "जी-ई-आर-एस, अँड सन्स" एवढीच अक्षरं लागतात. खाली "कटलर्स टू हिज मॅजेस्टी" (महाराजांचे सुऱ्या-वस्तरे बनवणारे), शेजारी चांदणी आणि क्रॉस. विकणारा म्हणतो इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या काळातला. पटण्यासारखं आहे का? ठसा वाचायला पॉलिश पेपर मारू का?

जुनी_धार:
पॉलिश पेपर अजिबात नको! ठसा उथळ असतो, गंजाबरोबर अक्षरांच्या कडाही जातील. ठशावर रॉकेलचे दोन-तीन थेंब टाका, रात्रभर ठेवा, सकाळी मऊ टूथब्रशने घासून कोरडं पुसा. शिंगाला पाणी लागू देऊ नका, मूठ वाकते. मग खडूची पूड बोटाने चोळा आणि वरवर पुसून घ्या, खाचांत पांढरं राहतं. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पात्याला जवळजवळ आडवा धरा आणि चारही बाजूंनी फोटो काढा. फ्लॅश मारलात तर नुसतं चकाकेल.

शेफील्डवाला:
चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या वस्तरे बनवणाऱ्या कंपनीची खूण, 1764 पासूनची. पण "रॉजर्स" इंग्रजीत डी घालूनही लिहितात, डीशिवायही, आणि शेवट दोन्हींचा सारखाच. यांच्या नावात डी आहे. नकलाही भरपूर झाल्या, त्यामुळे जीच्या आधी काय आहे ते आधी बघा. क्रॉसच्या चारही टोकांना खाच हवी. साधं अधिकचं चिन्ह असेल तर माल दुसऱ्याचा.

"हिज मॅजेस्टी"वरून एकदम जॉर्जवर उडी मारू नका. राजाश्रय 1822 चा. 1837 ते 1901 राणी व्हिक्टोरिया, तेव्हा "हर" येतं. 1901 नंतर पुन्हा "हिज". म्हणजे वस्तरा एक तर 1822-37 मधला, नाही तर विसाव्या शतकातला. ठशात मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना राजाची आद्याक्षरं असतील तर तीच शोधा: जॉर्जला जी आर, विल्यमला डब्ल्यू आर, एडवर्डला ई आर. "इंग्लंड" हा शब्द असला तर बहुधा 1891 नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. नसला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, मुंबईच्या मालाला तो कायदा कुठे लागू होता?

जुनी_धार:
पातं टोकाकडून बघा. छेद पाचरीसारखा भरीव असेल तर जुन्याकडे कल. दोन्ही बाजू खोल पोखरलेल्या आणि धार नखावर लवत असेल तर उशिराचं. मुठीवरून काळ ठरवू नका, मुठी सर्रास बदलतात.

दादरकर:
खडू लागू पडला. जीच्या आधी डी आहे, क्रॉसला खाचा आहेत, छेद पाचरीसारखा. मुकुटाच्या उजवीकडे आर. डावीकडचं अक्षर बरंचसं गेलंय, वरची दोन टोकदार टोकं तेवढी दिसतात.

शेफील्डवाला:
जी वरून गोल असतो, ईला वर आडवी रेघ. व्हीला दोन टोकं असतात, पण "हिज"बरोबर व्हिक्टोरिया बसत नाही. उरला विल्यम, चौथ्या जॉर्जच्या लगेच नंतरचा राजा, 1830 ते 37. विकणारा फार चुकला नाही. टॉर्च डावीकडून धरून डब्ल्यूचं तिसरं टोक मिळतंय का बघा, आणि फोटो टाका.