गढीतल्या खोल्या पाहुण्यांना राहायला द्यायच्या आहेत: सिमेंट करावं की माती ठेवावी?

गढीवरची सून (दर्यापूर तालुका)
नमस्कार. सासरची गढी आहे. चार बुरुजांपैकी दोन उभे आहेत. बाकी दोघांची पांढरी माती गावानं घरं सारवायला, धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) टाकायला नेली. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही, गढी गावाचीच. आत दिवाणखाना, ओसरी आणि दोन खोल्या अजून धड आहेत. सागाचे खांब, भिंती तीन हात जाड. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना आत आम्ही कूलरशिवाय झोपतो.

नणंद इंग्लंडात असते. ती मुलांना घेऊन वॉरविकशायरच्या अ‍ॅस्टली कॅसलमध्ये सुट्टीला राहून आली. जुना किल्ला, पण घरासारखा भाड्यानं मिळतो, स्वयंपाक आपला आपण करायचा. तिचे फोटो पाहिल्यापासून माझ्या मनानं घेतलंय. ठेकेदार म्हणतो, सगळीकडे सिमेंटचं प्लास्टर, खाली टाइल्स आणि धाबं काढून स्लॅब. सासूबाई विचारतात, मग गढी कुठं राहिली? शहरातला माणूस पैसे देऊन मातीच्या खोलीत राहील का? आणि संडास-बाथरूम कुठं काढायचं?

चुन्याचा हात
ताई, सासूबाईंचं ऐका. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, दोन-चार पावसाळ्यांत प्लास्टरचे पापुद्रे सुटतात आणि मागची माती भुसभुशीत झालेली असते. स्लॅबचं वजन तर या भिंतींवर टाकूच नका. बाहेरून माती आणि गव्हाच्या कुटाराचा गिलावा द्या, आतून चुना. मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती चढवा, पन्हाळी साफ ठेवा. गढी पाण्यानं पडते, वयानं नाही. खांबांच्या बुडाशी उधई आहे का, ते आधी ठोकून बघा.

तुमच्या भागासाठी खास सांगतो. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. बोअरच्या खाऱ्या पाण्यात चुना किंवा माती कालवली तर भिंतीवर पांढरा खार फुटतो आणि गिलावा झडतो. नळाचं गोडं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणीच वापरा.

बाथरूम गढीच्या भिंतीला चिकटवू नका. अंगणात, वेगळ्या पायावर बांधा. खाली काळी माती असेल, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खोल घ्या. ते बांधकाम नवं दिसलं तरी चालेल. अ‍ॅस्टलीत नेमकं हेच केलंय. १९७८ साली आग लागून तो किल्ला पडका झाला. पुढे लँडमार्क ट्रस्ट या जुन्या इमारती दुरुस्त करून भाड्यानं देणाऱ्या संस्थेनं तो होता तसा पुन्हा बांधायचा हट्ट सोडला. तुटक्या भिंतींच्या आत विटा-लाकडाचं नवं घर बसवलं, काही भाग आभाळाखाली उघडाच ठेवला. झोपायच्या खोल्या खाली, बैठक वर. वास्तुकलेचा २०१३ चा स्टर्लिंग पुरस्कार त्या कामाला मिळाला. तुमचे पडके बुरुजही तसेच राहू द्या, फक्त वरून पाणी मुरणार नाही एवढं बघा.

नमुना आठ
पैसा घालण्याआधी कागद बघा भाऊबंदांसोबत बसून. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरांच्या नोंदीच्या उताऱ्यावर, कोणाकोणाची नावं आहेत? सगळ्यांची लेखी संमती घ्या. जवळपास केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. आणि पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करा.

नागपूरचा पाहुणा
मी राहीन, दोन्ही पोरांना घेऊन. आम्ही चिखलदऱ्याला जातो, गाविलगड बघतो आणि रात्री कुठल्याही गावात मिळेल तशा लॉजवर झोपतो. तुमच्याकडून लासूरचं आनंदेश्वराचं मंदिर जवळ, नरनाळा किल्लाही एका दिवसात होतो. एसी नको, पण बाथरूम स्वच्छ हवं, मच्छरदाणी हवी आणि रात्री अंगणात दिवा हवा. जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी द्या. धाब्यावर बाजा टाकून झोपू द्याल का?

गढीवरची सून
धाब्यावर एका वेळी किती माणसं चालतील ते खालच्या लाकडी बल्ल्या तपासल्याशिवाय सांगणार नाही. तोवर बाजा अंगणात. ठेकेदाराला आज नाही म्हणून कळवलं. चुन्याचा हात, दादा, धाब्याची माती उतरवायची असेल तर दिवाळीनंतर सुरू केलं तर चालेल ना? तूर निघेपर्यंत गावात मजूर मिळत नाहीत.

चुन्याचा हात
चालेल. तूर निघाली की सुरू करा. चुना मात्र आधीच भिजवून मुरत ठेवा.