वीरधवल खाडे: तहसीलदारकीनं पोहणं बुडवलं की तारलं?

पंचगंगेचा_पोहणारा: 2023 ला गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आमच्या कोल्हापूरचा वीरधवल निवृत्त झाला. माझं मत कडू लागेल, पण त्याला तहसीलदार केलं तिथंच आपण जलतरणपटू घालवला. 16 व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक. 2010 ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य. त्याआधी पोहण्यातलं भारताचं आशियाई पदक 1986 चं, खजान सिंगचं. पोरगा तेव्हा 19 वर्षांचा. पुढची ऐन उमेदीची वर्षं गेली सातबारा आणि पंचनाम्यात.

सकाळची_बॅच: मग खायचं काय त्यानं? पोहण्यात आयपीएल नाही भाऊ. अर्जुन पुरस्कार दाखवून वाणी उधारी देत नाही. ज्या पदासाठी पोरं सदाशिव पेठेत पाच-पाच वर्षं घासतात ते शासनानं त्याला दिलं. यात वाईट काय?

पंचगंगेचा_पोहणारा: नोकरी देऊ नये असं कुठं म्हटलं? खातं चुकलं. आपल्याच जिल्ह्याचा स्वप्नील कुसाळे बघा. रेल्वेत तिकीट तपासनीस होता, पॅरिसला नेमबाजीत कांस्य आणलं. रेल्वेला खेळाडू सांभाळायची जुनी सवय आहे. महसुलात अतिवृष्टी झाली की मुख्यालय सोडायचं नाही, निवडणूक लागली की रजा विसरा. पहाटे पाचला पाण्यात कोण उतरणार?

लेन_नंबर_आठ: मी जिल्हा पातळीपर्यंतच पोहले, पण जकार्ताची 2018 ची आशियाई स्पर्धा, त्याची 50 मीटर फ्रीस्टाइल, डोळ्यांसमोरून जात नाही. सकाळी हिटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, 22.43 सेकंद, स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. संध्याकाळी फायनलला 22.47. जपानचा शुनिची नाकाओ 22.46, कांस्य त्याला. सकाळचीच वेळ पुन्हा निघाली असती तर पदक गळ्यात होतं! 0.01 सेकंद म्हणजे त्या वेगाला जेमतेम दोन सेंटिमीटर. टचपॅडला (भिंतीवरची वेळ नोंदवणारी पट्टी) बोटं ताठ लागली की जराशी वाकलेली, एवढाच हिशोब. (मी शेवटच्या पाच मीटरला हटकून डोकं वर काढायचे, सर काठावर चप्पल आपटायचे.) पण मुद्दा असा, की आयुष्यातला सगळ्यात वेगवान पन्नास तो 26 व्या वर्षी पोहला, साहेब झाल्यावर. बुडवलं असतं तर हे कुठून आलं?

पंचगंगेचा_पोहणारा: ताई, हे माझ्याच पारड्यात पडतंय. मोडला तो विक्रम 2009 चा, 22.52. नऊ वर्षांत नऊ शतांश! मधली वर्षं अखंड सराव मिळता तर?

लेन_नंबर_आठ: तर काय? 50 बटरफ्लाय ही त्याची हुकमी शर्यत तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हतीच, ती येतेय थेट 2028 ला. हा दोष तुम्ही कुठल्या कचेरीवर टाकणार?

सकाळची_बॅच: आणि जून 2020 आठवा. तलाव बंद म्हणून त्यानं स्वतःच निवृत्तीची भाषा काढली होती. महिन्याला पगार येत होता म्हणून थांबता आलं, असं मी म्हणेन. थांबला म्हणून तर गोव्यात नवरा-बायको दोघांनी, त्यानं आणि ऋजुतानं, आपापल्या 50 फ्रीस्टाइलला सुवर्ण घेतलं.

पंचगंगेचा_पोहणारा: गोव्याचं मान्य, तो निकाल वाचून मलाही भरून आलं होतं. पगाराचंही मान्य. पण खातं चुकलं हे मी सोडणार नाही.

सकाळची_बॅच: नका सोडू. उद्या आमच्या पोराला असलं चुकीचं खातं मिळालं तर पेढे घेऊन तुमच्याकडेच येतो.