‘द गोल्डन कंपास’ दहा वर्षांच्या लेकीला दाखवावा का?

पावसाळी_दुपार

लेकीचे हॅरी पॉटर सगळे बघून झाले, आता रोज ‘पुढे काय?’ अशी भुणभुण. २००७ चा ‘द गोल्डन कंपास’ सापडला. निकोल किडमन, डॅनियल क्रेग, अस्वलाला आवाज इयान मॅकेलनचा, खर्च म्हणे अठरा कोटी डॉलर. मग याचे पुढचे भाग का नाही आले? इतका फसलाय का? शिवाय सासूबाईही बसणार बघायला, त्यांना मारामारी सोसत नाही. कुणी पाहिला असेल तर खरं काय ते सांगा. पुस्तक आधी द्यावं की नंतर?

फोडणी_जळाली

अस्वलांसाठी बघा. चिलखत घातलेली, बोलणारी पांढरी अस्वलं! माझा भाचा दोन दिवस घरभर गुरगुरत फिरत होता. गोष्ट काय होती ते मात्र त्यालाही सांगता आलं नाही आणि मलाही.

कोपऱ्यातली_खुर्ची

मी फिलिप पुलमनच्या पुस्तकाची भक्त आहे, तेव्हा माझा काटा कुठे झुकणार ते आधीच ओळखा. तीस वर्षं शाळेत मुलांना गोष्टी सांगितल्या, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी चांगलं. गोष्टीची नायिका लायरा झालेली डकोटा ब्लू रिचर्ड्स. हजारो मुलींमधून निवडलेली, पहिलाच सिनेमा, आणि काय थापा मारते! अस्वलांच्या राजासमोर उभी राहून डोळ्याची पापणी न लववता खोटं बोलते, तो प्रसंग चुकवू नका. गोड, गुणी बाहुली नाहीये ही. नखात माती असलेली, भांडकुदळ पोर आहे. आणि किडमन. या जगात प्रत्येकाचा आत्मा प्राण्याच्या रूपात बरोबर चालतो, तिचा म्हणजे एक सोनेरी माकड. एका प्रसंगी ती त्या माकडाला फाडकन मारते आणि लगेच जवळ घेते. म्हणजे स्वतःलाच मारते ना ती! एक शब्द न बोलता बाई कळते. असं आणखी चार ठिकाणी असतं तर मी हे पुराण लावलंच नसतं.

आता दुखणं. सिनेमा सुरू होतो तोच निवेदनाने: हे प्राणी म्हणजे काय, ती ‘धूळ’ म्हणजे काय, समांतर जगं कशी, सगळं पहिल्या दोन मिनिटांत. पुस्तकात हे कोडं पानापानाने उलगडतं आणि त्यातच सगळी गंमत आहे. प्रेक्षक गोंधळेल या भीतीने त्याचा शोधण्याचा आनंदच काढून घेतलाय. पुढे ११३ मिनिटांत इतकं कोंबलंय की चेटकीण आभाळातून उतरते, चार वाक्यं बोलते आणि गेली!

पण मला सगळ्यात लागलं ते विषाचं. पुस्तकात लायराच्या काकांच्या दारूत विष घालतो तो तिच्याच कॉलेजचा प्रमुख, तिला प्रेमाने वाढवणारा म्हातारा. चांगला माणूस असं का करेल, हा प्रश्न मुलांच्या डोक्यात रुतून बसतो. सिनेमात ते काम सरळ सत्ताधारी मंडळाच्या दुष्ट माणसाकडे दिलंय. झालं! काळे तिकडे, गोरे इकडे.

पुस्तकातली धर्मसत्तेवरची टीकाही अशीच पातळ केली. त्याने कुणी खूश झालं का? अमेरिकेत कॅथलिक लीग या धार्मिक संघटनेने बहिष्काराची हाक दिलीच, आणि आम्ही पुस्तकवाले पाणी घातलेलं बघून रुसलो ते वेगळंच. तिकडे कमाई जेमतेम सात कोटी डॉलर. बाहेरच्या देशांत तीस कोटींच्या घरात गेली, पण तिथले हक्क सिनेमा काढणाऱ्या न्यू लाइन कंपनीने आधीच विकून टाकलेले. २००८ मध्ये ती कंपनी वॉर्नरमध्ये विरली. पुढचे भाग न येण्याची गोष्ट ही अशी.

आणि शेवट. पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं सिनेमात नाहीतच. चित्रीकरण झालं होतं बरं का, पण पुढच्या भागात घालू म्हणून बाजूला ठेवलं, आणि पुढचा भागच नाही! काय घडतं ते सांगत नाही. एवढंच सांगते की सगळी गोष्ट त्या धक्क्यासाठी रचलेली आहे. सिनेमात लायरा आणि तिचा मित्र आशेने फुग्याच्या विमानातून निघतात आणि पडद्यावर नावं. मुलं म्हणणार, ‘संपला?’

रेंडर_झालं_का

ताई, गोष्टीबद्दल बोलायची माझी लायकी नाही, पण आमच्या धंद्याच्या बाजूने थोडं. याला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, तेही ‘ट्रान्सफॉर्मर्स’ समोर असताना. अस्वलं लंडनच्या फ्रेमस्टोअर स्टुडिओची, बरोबरचे प्राणी बरेचसे ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीचे. त्यांची मुंबईतही शाखा होती, म्हणून आमच्या बॅचमध्ये या सिनेमाचं फार कौतुक. अस्वलाच्या चिलखताच्या कडेला केस कसे दबलेत ते थांबवून बघा. आणि माणूस मरतो तेव्हा त्याचा प्राणी सोनेरी ठिणग्या होऊन विरतो. रक्ताचा थेंब नाही, तरी मेला हे पोराला कळतं.

पावसाळी_दुपार

खुर्चीताई, मनापासून आभार! मग सासूबाईंचं काय करू? आणि पुस्तक?

कोपऱ्यातली_खुर्ची

रक्तपात नाही, पण दोन अस्वलांच्या झुंजीत एकाचा जबडा उडतो. तेवढ्या वेळी त्यांना काहीतरी विचारायला आत न्या. मुलांना त्यांच्या प्राण्यांपासून तोडणारं यंत्र येतं, तिथे लेकीजवळ बसा. मला ते जबड्यापेक्षा भयंकर वाटतं.

सिनेमा आधी, पुस्तक नंतर. उलट केलंत तर माझ्यासारखी कुरकुर करत बसेल. इंग्रजी जड गेलं तर तुम्ही वाचून दाखवा, रोज एक प्रकरण, एकूण तेवीस आहेत. शेवटची तीन मात्र एकाच बैठकीत, आणि झोपायच्या वेळी नको. २०१९ ला बीबीसीची मालिका आली, तिच्या पहिल्या पर्वात शेवट पूर्ण दाखवलाय. पण ती पुस्तकानंतर.

फोडणी_जळाली

तेवीस प्रकरणं? भाच्याला कळवतो. तो अजून गुरगुरतोय.