शब्दचर्चा: लेबलवर ‘घटक’ की ‘साहित्य’?

मिरज: बचत गटाच्या फेसपॅकचं लेबल मराठीत करायचं आहे. मुलतानी माती, चंदन, हळद. ५० ग्रॅमचा पुडा. ‘इन्ग्रेडियंट्स’ला साहित्य म्हणावं की घटक? आणि ‘बॅच’ला मराठी शब्द कोणता?

कराड: घटक. साहित्य म्हणजे करायला बसण्याआधी ओट्यावर मांडलेलं सगळं, त्यात चाळणी आणि पातेलंही आलं. पुड्यात शेवटी जे उरतं ते घटक. पण ताई, शब्दापेक्षा क्रम सांभाळा. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे. १ टक्का आणि त्याखालचे त्यांच्यामागे, कसेही. माती ७० टक्के आणि हळद ५ टक्के असताना यादीत हळद पहिली लिहिली की लेबल चुकलं. सांगलीची हळद म्हणून मिरवायचा मोह होतोच, ते वाक्य दर्शनी बाजूला वेगळं लिहा. ३० ग्रॅमपेक्षा लहान पुड्याला यादीची सूट आहे, तुमच्या ५० ग्रॅमला नाही.

वाई: बॅचला अस्सल शब्द आहे: घाणा. भज्यांचा घाणा म्हणतो तोच. एका वेळी कालवून निघालेला माल म्हणजे एक घाणा, अर्थ तंतोतंत जुळतो. वहीत खुशाल लिहा, लेबलवर मात्र नको. तिथे बॅच क्रमांकाआधी ‘बी’ आणि परवाना क्रमांकाआधी ‘एम’ हे इंग्रजी अक्षर लागतं. (आणि परवानाच काढलेला नसेल, तर शब्दांची चर्चा नंतर!)

विटा: ‘नेट वेट’ला ‘निव्वळ’ लिहिणार असाल तर जपून वापरा. ‘निव्वळ मूर्खपणा’, ‘निव्वळ दूध’ हे अर्थ लोकांच्या कानात पक्के आहेत. ‘मुलतानी माती’ या नावाखाली नुसतं ‘निव्वळ ५० ग्रॅम’ छापलं की काहीजण शुद्ध माती असं वाचतात. ‘निव्वळ वजन’ असं पूर्ण लिहा. ‘नक्त’ही बरोबर आहे, पण तो हिशेबाच्या वहीतला शब्द. वजन पावडरीला आणि क्रीमला. तेल मिलिलिटरमध्ये, म्हणून तिथे ‘निव्वळ परिमाण’. आणखी एक: पावसाळ्यात दमट माती कागदी पुड्यात भरली तर उन्हाळ्यात ती सुकते आणि काट्यावर ५० भरत नाही. माती वाळवून मगच तोला.

मिरज: ‘यूज बिफोर’ला ‘पर्यंत वापरा’ चालेल?

कराड: नाही, इथे ‘पर्यंत’ घात करतो. ‘मार्चपर्यंत’ म्हटलं की मराठी माणूस मार्च धरूनच चालतो. नियमात ‘यूज बिफोर’ म्हणजे त्या महिन्याच्या १ तारखेआधी, आणि ‘एक्स्पायरी’ म्हणजे त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुदत संपली. म्हणजे ‘मार्च २०२७ पूर्वी वापरा’ची मुदत २८ फेब्रुवारीला संपते आणि ‘मुदत समाप्ती मार्च २०२७’ची ३१ मार्चला. महिना तोच, फरक ३१ दिवसांचा. दोन्ही एकाच पुड्यावर छापू नका.

वाई: सगळं लेबल फक्त मराठीत करायचा बेत असेल तर थांबा. आवेष्टित (पॅकबंद) वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांनुसार किंमत, वजन वगैरे मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवाच. मराठी त्याच्या जोडीला.

सातारा: केसांच्या कलपाचं उलट आहे. पॅरा-फिनिलिनडायमिन असलेल्या कलपावर इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही लागतो, आतल्या-बाहेरच्या दोन्ही लेबलांवर. काळ्या मेंदीत हे रसायन घातलं असेल तर तिलाही. आणि मराठी नेमकी इथेच घसरते. ‘स्किन इरिटेशन’चं ‘त्वचेची चिडचिड’ करतात. चिडचिड माणसाची होते! त्वचेची आग होते, ती चुणचुणते, खाजते. साधं लिहा: ‘काहींच्या त्वचेची आग होऊ शकते, म्हणून आधी चाचणी घ्या.’

चाचणीची कृतीही सोबत द्यावी लागते. कानामागे किंवा कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला थोडी जागा साबण-पाण्याने धुवा, कालवलेला कलप थोडासा लावून वाळू द्या, २४ तासांनी हलक्या हाताने धुवा. आग किंवा सूज नसेल तरच वापरा. भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. जागा वाचवायला ‘आधी चाचणी घ्या’ एवढंच ठेवतात आणि ‘प्रत्येक वेळी लावण्यापूर्वी’ हे शब्द गाळतात. मग वाचणारा एकदाच चाचणी करतो.