जुनी खोली, जुने आवाज: तुम्ही काय जपून ठेवलंत?

केतकी_डोंबिवली
काल भाच्याने लॅपटॉपवर ऐकून विचारलं, "आत्या, हा कट्-कट् कसला?" आमच्या खोलीतला पंखा रे राजा. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, त्याआधी महिनाभर मी खोली फोनवर टिपून घेतली. पंखा, कडी, कपाटाचं दार. शेवटच्या रात्री मच्छरदाणी ताणून बांधली आणि प्रोजेक्टरने त्यावर जुने फोटो पाडले. अर्धा उजेड जाळीतून आरपार मागच्या गोदरेजच्या कपाटावर, त्यामुळे आजी दोनदा दिसली, एकदा लहान, एकदा मोठी. आई खाटेवरून उठून जाळीपाशी जाऊन उभी राहिली. कुणी असं काही केलंय का? लिहा ना.

रानजाई
कॅसेटी!! वॉकमनच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आधी वॉकमनचं हेड (कॅसेटची फीत जिथे घासते तो भाग) स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात. मी मेथी निवडत ऐकते. बाबा माझ्याकडून पाढे म्हणवून घेतायत, मागे कुकरची शिट्टी. तीन झाल्या तरी कुणी गॅस बंद करत नाहीये.

भटक्या७१
बीजिंगचा चित्रकार-कलाकार सोंग डोंग, त्याचं काम बघा. वडील २००२ मध्ये गेले, आई काहीच टाकेना. टंचाई सोसलेली बाई, साबणाच्या वड्यासुद्धा साठवलेल्या. २००५ मध्ये त्याने तिच्याच हातांनी सगळं मांडलं: रिकाम्या ट्यूबा, झाकणं, चपला, दहा हजारांवर वस्तू आणि घराचा लाकडी सांगाडा. वर निऑनची अक्षरं, वडिलांना उद्देशून: काळजी करू नका, आई आणि आम्ही बरे आहोत. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही मांडलं होतं.

रानजाई
साबणाच्या वड्या! आमच्या आजीच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत असायच्या. वास आला बघा आत्ता.

सुमा_मिरज
आम्ही काहीच नाही ठेवलं. आई गेल्यावर पंधरा दिवसांत खाट भंगारात दिली. तिच्या चष्म्याची डबी तेवढी माझ्याकडे आहे. उघडताना टप् वाजते.

केतकी_डोंबिवली
सुमाताई, तो टप् आजच रेकॉर्ड करा. फोन जवळ धरून, पंखा बंद करून.

पिंट्या
पंख्याचं बेअरिंग गेलं होतं काय?

केतकी_डोंबिवली
हो, बाबा दर दिवाळीला तेल घालायचे. दाराची चौकटही आणलीये, उंचीच्या पेन्सिलच्या रेघांसकट. लिफ्टमध्ये मावेना, भावाने जिन्याने चढवली.

रानजाई
मच्छरदाणी कुठली गं, सुती की नायलॉन?

केतकी_डोंबिवली
सुती. आईच्या माहेरची.

सुमा_मिरज
केला रेकॉर्ड. दोनदा.