गेम न सोडता व्यायाम कसा जमवता? नागपूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

प्रतापनगर, वय ३१

सुरुवात मीच करतो. नोकरी मिहानमध्ये, रात्री नऊला घरी, जेवण झालं की व्हॅलोरंट, म्हणजे संगणकावरचा टीमचा गोळीबाराचा गेम, दीडपर्यंत. गेम मला मनापासून आवडतो, तो सोडायचा नाही. पण मागच्या उन्हाळ्यात आमची लिफ्ट बंद पडली. पाण्याची कॅन घेऊन चौथा मजला चढलो, तर दारात पोचेपर्यंत बोलायलाही दम उरला नव्हता. आईचा तेव्हाचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

आधी सकाळची जिम लावली. दीडला झोपणारा साडेसहाला उठत नाही. मग लक्षात आलं, रिकामा वेळ गेममध्येच आहे. व्हॅलोरंटचा राउंड १ मिनिट ४० सेकंदांचा. गेममध्ये लवकर मेलो की उरलेला राउंड नुसतं बघत बसायचं, वर पुढच्या राउंडआधी बंदुकांच्या खरेदीचे ३० सेकंद. ठरवलं, मेलो की खुर्चीतून उठायचं आणि बैठका मारायच्या. पहिल्या रात्री हौसेनं दरवेळी दहा मारल्या. एका मॅचमध्ये दीडशे झाल्या आणि पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. तेव्हापासून पाच.

एक अडचण कुणी सांगत नाही ती सांगतो. मेल्यावरही शत्रू कुठे दिसला ते टीमला सांगायचं असतं, त्यामुळे हेडफोन काढता येत नाही. माझ्या हेडफोनची तार खुर्चीच्या हातात अडकायची, खाली बसलो की कानातून निघायचा. शेवटी बिनतारी घेतला. रोज दोन मॅच, एकेका मॅचमध्ये चौदा-पंधरा वेळा मरतो, म्हणजे दीडशेच्या आसपास बैठका. चार महिने झाले. आता कॅन घेऊन न थांबता वर येतो.

महाल, कॉलेज

दादा, मोबाईलवाल्यांचं वेगळं असते. आम्ही पलंगावर पडून बीजीएमआय, म्हणजे मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम खेळतो, मान अन् अंगठा दोन्ही दुखतात. आमचे चार पोट्टे आहेत, महाल अन् सक्करदऱ्याचे. नियम एकच केला. सकाळी जो अंबाझरीला आला नाही, त्याला रात्री स्क्वॉडमध्ये, म्हणजे गेमातल्या चौघांच्या टीममध्ये, जागा नाही. मे महिन्यात सात वाजताच ऊन चटके देऊन राहते, म्हणून सव्वापाचला तलावाच्या पाळीवर. त्यासाठी रात्री अकराला गेम बंद. तेच सगळ्यात कठीण गेलं, चालणं नाही.

एक जण दोन दिवस आला नाही. आम्ही खरंच तिघंच खेळलो. वाईट वाटलं, पण त्याला घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तो आमच्या आधी येऊन उभा होता. त्या दिवशी तर्री पोहे त्याच्याकडून.

धंतोली

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रतापनगरच्या दादा, बैठकांनी स्नायूंचं काम होतं, ते आठवड्यातून निदान दोन दिवस हवंच. पण जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामही सांगते, उदाहरणार्थ भरभर चालणं. ते बैठकांत भरून निघत नाही, चालणं वेगळं ठेवा. आणि महालच्या मुलांनो, अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर जोर लावून ताणू नका. आधी दाखवा.

मनीषनगर

माझा मुलगा तेरा वर्षांचा. सुट्ट्यांत दुपारी बाहेर पाठवणं शक्यच नाही, बाहेर ४५ अंश. ओळखीतून जुना निन्टेंडो स्विच, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, आणि त्यावरचा व्यायामाचा गेम रिंग फिट अॅडव्हेंचर घेतला. हातात दाबायची रिंग, मांडीला पट्टा, जागेवर धावलं की पडद्यावरचा माणूस धावतो. तिसऱ्याच दिवशी खालच्या काकू वर आल्या, त्यांचा पंखा हलत होता म्हणे. त्यात आवाज न करण्याचा पर्याय आहे, धावण्याऐवजी गुडघे वाकवायचे. तो लावला. आता आम्ही आळीपाळीनं खेळतो, कूलरसमोर. जुलैत मात्र कूलर काही कामाचा नाही, दमट हवेत दहा मिनिटांतच घाम निथळतो. मग संध्याकाळी, खिडक्या उघडून.

गिट्टीखदान

माझं जमलेलं नाही, म्हणून लिहितो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, रात्री फुटबॉलचा गेम, एकटाच. एका जिमचे वर्षाचे पैसे भरले, अकरा दिवस गेलो, पैसे परत मागितले तर नाही म्हणाले. बाबा तरुणपणी आखाड्यात जायचे, अजूनही रोज वीस दंड मारतात. ते मला काहीच बोलत नाहीत, आणि त्याचाच त्रास जास्त होतो. बैठका करून पाहिल्या, चार दिवसांत सुटल्या. सोबत कुणी असलं तर टिकेल असं वाटतं.

महाल, कॉलेज

गिट्टीखदानवाले भाऊ, तुम्हाले फुटाळा तलाव जवळ पडते. आम्ही रविवारी अंबाझरी सोडून तिकडे येऊन राहिलो, सव्वापाचला, पायऱ्यांपाशी. चौघांपैकी एकाच्या अंगात पिवळा टी-शर्ट राहील. तुम्ही आल्याशिवाय चालायला सुरू करत नाही.